मागच्यासाठी फळी

१८ जुलै

भाऊजी,

खुशाली विचारण्यात शाई घालवत नाही. तुम्ही खुशाल नसणार हे मला माहीत आहे, आणि आम्ही तर नाहीच.

पहिली गोष्ट, तुमचे दादा जिवंत आहेत. आपल्यातला तो गाडीवाला, ज्याला सगळे टोपी म्हणतात, सांगत होता, तो शहरात माल घ्यायला आला तेव्हा टायरच्या दुकानात तुम्ही त्याला बघून तोंड फिरवलंत, घरचं एका शब्दाने विचारलं नाहीत. विचारायची भीती वाटली असेल. म्हणून न विचारताच सांगते. जिवंत आहेत, बोलतात, माझ्यावर खेकसतात. कमरेखाली मात्र काही कळत नाही. परवा पायावर जळू चढून टम्म फुगली तरी यांना पत्ता नाही, मीच बघितली आणि काढली.

त्या दिवसाचं मी तुम्हाला सांगायला नको. पण मला काय माहीत आहे आणि काय नाही हे तुम्हाला कळावं म्हणून एकदा मांडते. दोघं भाऊ आपापल्या मोटारसायकलींवर मीठ, साबण आणि दवाखान्याची खोकी लादून निघालात. दादांच्या गाडीवरची दोरी सुटली म्हणून ते मागे थांबले. तुम्ही पुढे तिसऱ्या ओढ्यावर पोचलात. पुलाच्या मधल्या पाट्या कधीच वाहून गेल्यात, त्या भगदाडावर जो तो आपली फळी टाकतो, पलीकडे गेला की उचलून गाडीला बांधतो. ठेवली तर वाहून जाते नाहीतर कुणाच्या चुलीत जाते. मागून गाडीचा आवाज आला तर मात्र ठेवून जायची, मागच्याने ती आणायची. असा तुम्हा लोकांचा रिवाज. तुम्ही पलीकडे गेलात, थांबून कानोसा घेतलात, आवाज आला नाही, पाणी चढत होतं, फळी उचललीत आणि गेलात. फळी असेलच या भरवशावर दादा वळणावरून खाली आले तेव्हा समोर नुसतं भगदाड होतं, आणि ते गाडीसकट खाली गेले.

हे तुम्ही त्या संध्याकाळी रडत रडत मला सांगितलंत तसंच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही नाहीसे झालात. त्यानंतर इथे लोक काय बोलतात तेही सांगून टाकते, कारण तुम्ही ते ओळखलंच असेल. दादांच्या गाडीचा सायलेन्सर फुटका, ती दोन वळणं आधी ऐकू येते. त्यामुळे बाकीचे गाडीवाले म्हणतात, याला ऐकू आलं असणार, पाणी बघून घाबरला आणि आपली फळी वाचवली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. मी दादांना विचारलं, तर ते भिंतीकडे तोंड करतात.

आता कामाचं. यांची पाठ चिघळली आहे. मी रोज कूस बदलते, पुसते, तरी मांस दिसायला लागलंय. कंपाउंडर म्हणतो, इथल्या दवाखान्यात माझ्याकडे बोळे आणि लाल औषध, एवढंच आहे, यांना शहरात मोठ्या इस्पितळात न्या. रस्त्यावर कोसळलेली दरड हटवून दुचाकीपुरती वाट झाली आहे. जीप येईल ती रस्ता वाळल्यावर, आणि त्या झाडांखाली ऊन पोचतं कधी ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे गाडीवरच न्यायला हवं. एकाने चालवायची, मधे यांना बांधायचं, मागे बसून एकाने धरायचं. टोपी तयार आहे. पण तुमचे दादा काय म्हणतात? "माझा भाऊ चालवणार असेल तर बसेन. नाहीतर इथेच बरा आहे." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

तर तुम्ही या. येऊन त्यांना घेऊन जा, मग पाहिजे तर जन्मभर तोंड दाखवू नका.

दादांची गाडी दुरुस्त करून घेतली, ती सध्या मी चालवते. हसू नका. पट्ट्या आणायला दवाखान्यापर्यंत जायचं तर टोपीची किती मनधरणी करणार? माणसं उंटावरून शेळ्या हाकतात, तुमचे दादा खाटेवरून गाडी चालवतात. "क्लच अर्धा ठेव, चिखलात ब्रेकला हात लावू नकोस, चाकोरी सोडू नकोस." चाकोरीत चाक जातं तेव्हा माझे दोन्ही पाय दोन्ही बाजूंना चिखल कापत जातात. पहिल्या दिवशी चारदा पडले. आता कमी पडते.

अजून तरी तुमची,
वहिनी


२ ऑगस्ट

भाऊजी,

पत्र पोचलं असं टोपी म्हणाला. तुम्ही त्याच्यासमोर वाचलंत, घडी घातलीत आणि पंक्चर काढायला बसलात. बरं.

एक चांगली बातमी आहे. चार दिवस उघडीप होती म्हणून ओढा उतरला. मी दवाखान्यातून येताना गाडी लावून खाली गेले, आणि पुलाखाली दगडांच्या फटीत तुमची फळी अडकलेली दिसली. म्हणजे तुम्ही ती उचललीच नव्हती. उचलली असं तुम्हाला घाईत वाटलं. दादा आले तेव्हा ती जागेवरच होती, त्यांचं चाक घसरलं आणि फळीसकट ते खाली गेले. माणूस बावरला की असे घोटाळे होतात. मी दादांनाही सांगितलं, त्यांनीही मान डोलावली.

तेव्हा तुमच्यावर काही येत नाही. कुणी काही बोलणार नाही, मी टोपीलाही सांगितलं आहे. मनातून काढून टाका आणि निघा.

यांना बारीक ताप असतो. जेवण कमी झालंय. एरवी तब्येत ठीक.

वहिनी


१९ ऑगस्ट

भाऊजी,

टोपीने काल दारात गाडी लावली, दोरी सोडली आणि तुमची फळी उंबऱ्याशी ठेवली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. टोपी म्हणाला, "एवढंच दिलं. म्हणाला, वहिनीला म्हणावं, ही माझ्याकडेच होती."

खिळा तापवून तुम्ही तिच्या कडेला पाडलेल्या खुणा मी पाहिल्या. खोटं उघडं पडलं की माणसाने काय करावं? कबूल करते. दगडांच्या फटीत काही सापडलं नव्हतं. मी ओढ्यात उतरलेच नव्हते. तुम्ही त्या संध्याकाळी इतके भेदरला होतात की कुणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला पटेल असं मला वाटलं. फळी तुम्ही रागाने कुठेतरी फेकून दिली असेल असंही धरून चालले. दादांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी मान वगैरे काही डोलावली नाही. सगळी माझीच कर्तबगारी.

पण एक सांगा, मी खोटं का बोलले हे तुम्हाला कळलं नाही का? फळी बांधून पाठवण्याएवढा वेळ मिळाला, त्याच टोपीच्या मागे बसून यायला काय झालं होतं? पाठ चिघळली आहे असं मी स्पष्ट लिहिलं होतं. वास खोलीभर पसरतो, मी दोन्ही खिडक्या उघड्या टाकते आणि मग पावसाची झड आत येते. तुमच्या दादांनी तुम्हाला गाडीच्या टाकीवर पुढे बसवून वाढवलंय. आईबापांची आठवण होऊ दिली नाही. मला राग आलाय, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

फळी त्यांनी खाटेवर मागून घेतली, खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गाडीवाल्याने फळी दिली म्हणजे रस्ता सोडला. तो काही येत नाही आता."

मी म्हटलं, "मग आता तरी हट्ट सोडा. टोपी चालवेल."

"तू चालव," म्हणाले. "टोपीच्या हातात ताकद आहे, तो मला धरेल. तो येत नाही तर आपण त्याच्याकडे जाऊ. इस्पितळ त्याच्याच गावात आहे ना?"

एवढे दिवस मी कानीकपाळी ओरडत होते. पालथ्या घड्यावर पाणी. आणि तुमच्या एका फळीने ते उठायला तयार झाले. कशासाठी, तर तुम्हाला भेटायला.

वहिनी


२२ ऑगस्ट

उद्या निघतोय. हे पत्र घेऊन एक गाडीवाला आमच्या पुढे जाईल. इस्पितळ तुमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे असं तो म्हणतो. दोन गल्ल्या तरी चालून या.

वहिनी


११ सप्टेंबर

भाऊजी,

दुकानाचा मालक म्हणाला, तुमची पेटी अजून त्याच्याकडे आहे, ती न्यायला कधीतरी याल तेव्हा तो हे पत्र देईल. म्हणून पत्ता नसताना लिहिते आहे.

तुमचे दादा गेले. इस्पितळात पोचल्यावर सहाव्या दिवशी. टोपी, मी आणि तिथले दोन वॉर्डबॉय, एवढी माणसं होती. टोपीने अग्नी दिला.

सगळं क्रमाने लिहिते. तुम्ही नव्हतात, आणि तुम्हाला माहीत असायला हवं.

यांना मधे बसवून माझ्या पाठीशी चादरीने बांधलं. पाय फूटरेस्टवर ठेवून ट्यूबच्या रबराने आवळले, कारण पाय लोंबले की चाकात जातात. मागे टोपी, दोन्ही हात यांच्या काखेतून. त्यांच्या अंगाची धग माझ्या पाठीला लागत होती. सुरुवातीला चढ होता, लाल चिखल नुसता लोण्यासारखा, मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. कानाशी यांचं चालू, "घाई नको. गाडीला जायचंय तिथे जाऊ दे, तू फक्त पडू देऊ नकोस." दोन्ही बाजूंनी रान इतकं आत आलंय की हँडलला फांद्या लागतात. भर दुपारी दिवा लावून चालवत होते. झाडांवरून पाणी गळत होतं, पाऊस चालू आहे की थांबलाय हेच कळत नव्हतं. दरडीपाशी वाट एका चाकापुरती होती. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला खाली काहीच नाही.  मी तिथे एकदा घसरले. पडलो नाही, टोपीने पाय टेकला. पण यांच्या पाठीला हिसका बसला असणार, कारण माझ्या खांद्यावर त्यांचे दात रुतले. कमरेखाली कळत नसलं तरी वर सगळं कळत होतं.

तिसऱ्या ओढ्याच्या उतारावर मी वेग कमी केला तशी ते एकदम म्हणाले, "इंजिन चालू ठेव." मी म्हटलं, चालूच आहे. थोड्या वेळाने परत, "इंजिन बंद करू नकोस हं." तापात बोलत असतील असं मला वाटलं. टोपीने उतरून फळी टाकली, एकट्याने यांना पाठीवर घेऊन पलीकडे नेलं, मग येऊन माझ्यासाठी गाडी धरली. पूल ओलांडताना त्यांनी खाली बघितलं नाही. मीही नाही.

अंधार पडता पडता शहराचे दिवे दिसले. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाठ उघडी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "आधी का नाही आणलं?" मी काय सांगणार? रोगी रुसून बसला होता असं? त्या म्हणाल्या, विष रक्तात गेलंय, बघू. त्यांच्या त्या 'बघू'मधूनच मला काय ते समजलं.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या दुकानात आले. ते तुम्हाला आठवत असेल, पण माझ्याकडून कसं दिसलं तेही वाचा. तुम्ही ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतात. मी म्हटलं, "भाऊजी, ते बोलावतायत. दिवस फार नाहीत." तुम्ही ट्यूब बाजूला ठेवलीत. "हात धुऊन येतो, वहिनी," म्हणालात आणि आत गेलात. मी टायरांच्या ढिगावर बसले. तुमचा चेहरा किती उतरलाय, घरी नेऊन चार घास घालायला हवेत, असलं काहीबाही माझ्या मनात येत होतं. नळाचा आवाज येत होता. बराच वेळ आला. शेवटी मालकच आत गेला आणि नळ बंद करून बाहेर आला. मागचं दार उघडं होतं.

मी तुम्हाला शिव्या दिल्या, भाऊजी. रस्त्यातून जाताना मोठ्याने दिल्या, लोक वळून बघत होते.

खाटेपाशी आले तेव्हा ते दाराकडेच बघत होते. "भेटला का?"

मी म्हटलं, "दुकान बंद होतं. माल आणायला परगावी गेलाय म्हणे. येईल दोन दिवसांत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं." आणि पुढे, "बस इथे. त्याला सांगायचं होतं ते आता तुलाच सांगतो."

काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "त्या दिवशी वळणावरून खाली येताना मी इंजिन बंद केलं होतं. टाकी तळाला आली होती, म्हटलं उतारावर तेवढंच वाचेल. गाडी नुसती घरंगळत आली. त्याला ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. त्याने थांबून कान दिला असेल तरी त्याला रानाचाच आवाज आला असणार. त्याची काही चूक नाही."

उतारावर इंजिन बंद करायचं नाही, पुढच्याला ऐकू जायला हवं, हा नियम सगळ्या गाडीवाल्यांना कुणी शिकवला? यांनीच. तुम्ही एकदा मोडलात तेव्हा तुमच्या कानाखाली यांनीच वाजवली होती. आणि त्या दिवशी स्वतः मोडला. पडल्या पडल्या त्यांना ते कळलं होतं. खाटेवर होते तेवढे सगळे दिवस कळत होतं.

मी म्हटलं, "अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलं? मी पत्रात लिहिलं असतं, दुसऱ्या दिवशी आले असते भाऊजी."

"पत्रात लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, दादा समजूत काढतोय. मला तोंडाने सांगायचं होतं." मग म्हणाले, "आणि लाज वाटत होती. चारचौघांत मी किती मोठा शहाणा म्हणून मिरवलो."

त्यांनी लाजेपायी तुम्हाला बोलावून घेतलं आणि कारण सांगितलं नाही. तुम्ही लाजेपायी आला नाहीत. दोघे सख्खे भाऊ, शोभता खरे. दोघांच्या मधे मी चिखलात गाडी ढकलत होते. फळी उचलल्याचा राग मला तुमच्यावर नव्हता आणि आता तर प्रश्नच नाही. नळ सोडून गेलात त्याचा आहे, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. पण तो माझा आणि तुमचा हिशेब आहे. त्यांचा तुमच्यावर काहीच राग नव्हता. शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती, तेव्हाही "धाकटा जेवला का," असंच विचारत होते.

हे सांगितलं तेव्हा टोपी खाली औषध आणायला गेला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेत होता. ऐकलं ते मी एकटीने. मी परत आल्यावर सगळ्या गाडीवाल्यांना गोळा करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, "वहिनी, दिराला पाठीशी घालताय, चांगलं आहे." टोपीलाही आठवलं असणार की फळी पुलाखाली सापडली असं मी त्याला याच तोंडाने सांगितलं होतं.

आणि तुम्हीही तेच म्हणाल. हे पत्र वाचून घडी घालाल आणि म्हणाल, वहिनीने आणखी एक बनवून पाठवलं, आधीचं उघडं पडलं म्हणून या खेपेला जरा बरं जमवलंय. मी दुसरी शपथ कुठली घेऊ? घेतली तरी कागदावरच घेणार. तुमच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. खरं हातात आलं तेव्हा ते सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि माझा शब्द मी आधीच घालवून बसले आहे. या विचाराने मला झोप लागत नाही.

तेव्हा या पत्रावर विश्वास ठेवू नका. तुम्ही या. मी रागातच असेन, दार उघडीन, पाणी देईन, कदाचित बोलणार नाही. तुम्ही समोर बसा आणि मला विचारा, इंजिन खरंच बंद होतं का. मी सांगेन, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघा. तुमच्या दादांनी बघितलं होतं आणि त्यांना तेवढ्यानेच कळलं की दुकान उघडं होतं.

वहिनी